बीटीचं पेटंट संपलं, मग पाकीट विकतच का?

परभणी, मानवत, सेलूकडे हा प्रश्न हमखास निघतो: पेटंट संपलं म्हणतात, तर घरची सरकी पेरू का? माझं उत्तर: कायदा आडवा येत नाही, पीक साथ देणार नाही.

१९११ चा ब्रिटिश कायदा जाऊन आपला पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ ला लागू झाला. महिनाभरातच परभणीचं कृषी विद्यापीठ स्थापन झालं. झाड आणि बियाणं यांवर या कायद्यात पेटंट मिळत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने तर बियाणं राखण्याचा, पेरण्याचा हक्कच दिला.

मग मोन्सॅन्टोला पेटंट कशाचं मिळालं? बोलगार्ड-२ मधल्या जनुक-रचनेचं. अर्ज १९९९ चा, मुदत २० वर्षं. म्हणजे २०१९ ला विषय संपला.

तरी पाकीट घ्यावंच लागतं, कारण बाजारातलं बहुतेक बियाणं संकरित आहे. त्याची सरकी पेरली की पुढच्या पिढीत गुण विखुरतात; काही झाडांत बीटी उतरतं, काहींत नाही.

यावर तोड म्हणजे सरळ वाण. परभणी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने एनएच १९०१ बीटीसारखे वाण काढलेत. त्यांची सरकी राखता येते. पण गुलाबी बोंडअळी आता बोलगार्ड-२ लाही जुमानत नाही. पेटंट सुटलं तेव्हा हत्यार बोथट झालं होतं.

म्हणून पुढचं जनुक येईल तेव्हा किमतीआधी एकच विचारा: सरळ वाणात कधी देणार?