यादीवर सही कुणाची?

लग्नाआधी करार करावा का, असा प्रश्न हल्ली शिबिरांमध्ये मुली विचारू लागल्या आहेत. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून 'विवाहपूर्व करारा'चं कौतुक चालू असतं. घर कुणाचं, पैसा कुणाचा, वेगळं व्हायची वेळ आली तर कुणी काय घ्यायचं, हे आधीच लिहून सह्या करून टाकायच्या, म्हणजे पुढे कोर्टकचेरी नको, असा एकूण सूर. २०१५ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने या विषयाची चर्चा सुरू केली होती. २०२३ मध्ये दिल्लीच्या एका कुटुंब न्यायालयाने असे करार सक्तीचे करायची वेळ आली आहे, असं मत नोंदवलं. दुसरीकडे संस्कृतीची काळजी वाहणारी मंडळी आहेतच. लग्न हा संस्कार, तिथे स्टँपपेपर कसला, असं ती विचारतात.

मला या दोघांशीही भांडायचं आहे. आधी संस्कारवाल्यांशी, कारण ते सोपं आहे.

लग्न हा करार नाही म्हणता? मग याद्या करताना तुम्ही काय करत होता? मुलगी पसंत पडली की बैठक बसते. दोन्हीकडची पाच-सात जाणती माणसं सतरंजीवर. वहीचं पान फाडायचं, वर 'श्री' लिहायचं, कुंकवाचं बोट लावायचं आणि खाली एकेक कलम. सोनं किती तोळे, मानपान किती जणांचा, नवरदेवाचा पोशाख, भांडीकुंडी, लग्न एका अंगी की दोन्ही अंगी, मांडवाचा खर्च कुणाचा. हुंड्याचा आकडा कधी लिहिलेला, कधी नुसताच बोललेला. मग दोन्ही बाजूंच्या सह्या, एक प्रत इकडे, एक तिकडे, सुपारी फोडली, पेढे वाटले. हा करार नाही तर काय आहे? 'यादी पे शादी' असं त्याला नावसुद्धा आहे. त्या कागदावर मामाची सही असते, चुलत्याची असते, गावच्या पाटलाचीही असते. मुलीची नसते. ती आतल्या खोलीत चहाचे कप भरत असते. लग्नात करार नको, हे त्यांचं खरं म्हणणं नाहीच. करारात बाई नको, एवढंच ते म्हणणं आहे.

आणि गंमत बघा. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याचं पाचवं कलम सांगतं की हुंडा देण्याघेण्याचा कोणताही करार रद्दबातल आहे. तरी तो पाळला जातो. पाळला गेला नाही तर त्याची वसुली स्वयंपाकघरात होते, कधी रॉकेलने, कधी उपासमारीने. बाईच्या बाजूने काही लिहून घेतलं की मात्र कायद्याला एकदम सार्वजनिक धोरण आठवतं. १९०१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर एक खटला आला होता. नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिलं होतं की तो सासूच्या घरी राहील, बायकोला तिथून नेणार नाही. पुढे बिनसलं, आणि बायकोने आपल्या घरी नांदायला यावं म्हणून तो कोर्टात गेला. न्यायालयाने तो कागद निकामी ठरवला. बायकोला आपल्याकडे ठेवण्याचा नवऱ्याचा हक्क असा लिहून देता येत नाही, असं त्याचं सार. १८७२ च्या करार कायद्याच्या २३ व्या कलमाखाली हिंदूंमधले लग्नाआधीचे करार तेव्हापासून असेच सार्वजनिक धोरणाच्या दगडावर आपटत आले आहेत.

मग हे कलम काढून टाका, करारांना कायदेशीर मान्यता द्या, असं नव्या विचाराची मंडळी म्हणतात. इथे माझं त्यांच्याशी बिनसतं.

मला एक साधा हिशेब कुणीतरी समजावून सांगावा. आपल्या देशात, गोवा सोडला, तर नवऱ्याच्या नावावर असलेलं घर नवऱ्याचंच असतं. लग्नाला तीस वर्षं झाली तरी बायको त्याची मालकीण होत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न करा, नाहीतर विशेष विवाह कायद्याखाली करा. बाईच्या नावावर असेल ते बाईचं, हेही खरं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या १४ व्या कलमाने ती आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक झाली. पण किती जणींच्या नावावर काय असतं, हे आपण सातबारा उघडून बघितलेलं आहे. म्हणजे 'माझं ते माझं, तुझं ते तुझं' ही व्यवस्था कोणताही करार न करता आधीच लागू आहे. पुरुषाची मालमत्ता त्याच्याकडे सुखरूप आहे. मग करार करून त्याला आणखी काय वाचवायचं आहे?

उरतात दोनच गोष्टी. एक पोटगी. दुसरी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेला राहत्या घरात राहण्याचा हक्क. बाईच्या हातात असलेल्या या दोन काठ्या. त्या काढून घेण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

आमच्या सल्ला केंद्रात काही वर्षांपूर्वी एक बाई असाच कागद घेऊन आली होती. शंभराचा स्टँपपेपर, नोटरीचा शिक्का. लग्नाला आठ दिवस उरले असताना सही घेतलेली. पत्रिका वाटून झालेल्या, कार्यालयाचे पैसे भरलेले. मजकूर चार कलमांचा: घरावर हक्क सांगणार नाही, दुकानावर सांगणार नाही, वेगळं झाल्यास पोटगी मागणार नाही, यावर कुठल्याही कोर्टात दाद मागणार नाही. नवऱ्याचं उत्पन्न किती, घराची किंमत किती, याची त्यात एक ओळ नव्हती. ही बाई शाळेत शिकवत होती. सासूला पक्षाघात झाला तेव्हा तिने नोकरी सोडली आणि पुढची अकरा वर्षं म्हातारीचं हगणंमुतणं काढलं. सासू गेली, वर्षभरात नवऱ्याने हिला बाहेर काढलं. आणि ती दोन वर्षं भावाच्या घरी मुकाट बसून राहिली, कारण 'मी लिहून दिलंय ना' असं तिला वाटत होतं.

त्या कागदाला कायद्यात कवडीची किंमत नव्हती. पोटगीचा हक्क सोडून दिल्याचं लेखी दिलं तरी तो हक्क जात नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. फौजदारी संहितेचं १२५ वं कलम आता २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ वं झालं आहे, हक्क तोच आहे. तिने अर्ज केला आणि तिला पोटगी मिळाली. पण घरात वाटा मिळाला नाही, आणि तो काही त्या कागदामुळे गेला नाही. अकरा वर्षांच्या राबण्याचा वाटा कायद्यातच कुठे लिहिलेला नाही. तिला दोन वर्षं गप्प बसवण्याचं काम मात्र त्या निकामी कागदाने चोख केलं. उद्या असे कागद कायदेशीर झाले तर अशा बायांना आम्ही काय सांगायचं?

हे फक्त आपल्याकडचंच आहे असंही नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशा कराराला वजन द्यायचं ठरवलं. त्या खटल्यात श्रीमंत होती ती बायको. नऊ न्यायाधीशांत एकच स्त्री होती, लेडी हेल. त्यांनी विरोधी मत नोंदवलं. आर्थिकदृष्ट्या दुबळ्या जोडीदाराला एरवी जे मिळालं असतं ते नाकारणं, हाच बहुतेक अशा करारांचा उद्देश असतो, आणि यात स्त्री-पुरुष विषमतेचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता गोव्याकडे या. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याचा कुटुंबविषयक भाग आजही लागू आहे. लग्न करताना वेगळं काही ठरवलं नाही, तर काही अपवाद सोडता दोघांची सगळी मालमत्ता सामाईक होते आणि बायको निम्म्याची मालकीण होते. ती हिंदू असो, ख्रिस्ती असो की मुसलमान. वेगळं ठरवायचं असेल तर लग्नाआधी अधिकृत दस्तऐवज करून करार करावा लागतो आणि लग्न लागल्यावर तो बदलता येत नाही. 'लग्नाआधीचं वेगळं, नंतरचं सामाईक' असा करार करता येतो, किंवा सगळंच वेगळं असाही. म्हणजे देशात ज्या एका ठिकाणी विवाहपूर्व कराराला पक्की जागा आहे, तिथे तो मुख्यतः या निम्म्या वाट्यातून बाहेर पडण्याची वाट आहे! बाईला कराराने काही मिळत नाही, तिला करार नसल्याने मिळतं. गोव्याचा कायदा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. सामाईक मालमत्तेचा कारभार त्याने नवऱ्याच्याच हाती ठेवला. पण स्थावर विकायचं तर बायकोची संमती लागते. समान नागरी कायद्याच्या भाषणात गोव्याचं नाव घेणारे पुढारी या निम्म्या वाट्यावर किती बोलतात, ते एकदा कान देऊन ऐका.

मुसलमान मैत्रिणींचं लग्न तर कायद्यानेच करार आहे. निकाहनाम्यात अटी घालता येतात, तलाक घेण्याचा अधिकार बायकोकडे सोपवता येतो. पण त्या अटी लिहायच्या कुणी? छापील नमुन्यातल्या मोकळ्या जागेवर आडवी रेघ मारलेली आम्ही कितीदा पाहिली आहे. कराराची मुभा असणं आणि अट घालण्याची ताकद असणं यात फार अंतर आहे.

'पण मी कमावते, माझ्या पगारावर त्याचा हक्क नको', असं शिकलेल्या मुली म्हणतात. बरोबर आहे. तो हक्क त्याला आजही नाही, त्यासाठी करार लागत नाही. स्वतःचं खातं, स्वतःच्या सहीचं, एवढं पुरतं. फक्त पहिलं मूल झाल्यावर नोकरी कोण सोडणार, बदली कोण नाकारणार, आणि फ्लॅटचा हप्ता त्याच्या पगारातून नि किराणा-दूध-शाळेची फी तिच्या पगारातून असं वाटून घेतल्यावर दहा वर्षांनी फ्लॅट कुणाचा उरणार, याचाही हिशेब मांडा. कर्ज दोघांच्या नावावर घेताना खरेदीखतही दोघांच्या नावावर आहे का, ते स्वतः डोळ्यांनी वाचून घ्या.

लिहून ठेवायचंच असेल तर एक यादी कायद्यानेच सांगितलेली आहे आणि ती कुणी करत नाही. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची असते. वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, दिली कुणी, त्याचं नातं काय. तिच्यावर नवरा-नवरी दोघांची सही आणि नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीच्याच ताब्यात. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन हे फक्त बाईचं, सासरच्यांनी ते गिळलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा, असं स्पष्ट केलं. केंद्रात येणाऱ्या बायांचं सोनं परत मिळवताना पुराव्यावाचून आमचे हात बांधले जातात, ते ही यादी नसल्यामुळे. बैठकीतली यादी करायला पाच-सात जाणती माणसं जमतात. ही दुसरी यादी करायला आपण जमू या. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या पुढच्या लग्नापासून सुरुवात करावी.

आणि मागणी करायची तर वैवाहिक मालमत्तेच्या कायद्याची करू. लग्नानंतर जे उभं राहिलं ते दोघांचं, मग खातं कुणाच्याही नावावर असो. २०१३ मध्ये राज्यसभेने घटस्फोटित बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारं विधेयक मंजूर केलं होतं. लोकसभेत ते मंजूर झालंच नाही, २०१४ मध्ये बुडालं, आणि त्यावर कुणी अश्रू ढाळले नाहीत. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाला मालमत्तेच्या खरेदीतलं योगदान मानून तिला निम्मा वाटा दिला. एका न्यायाधीशाला जे दिसलं ते संसदेला दिसायला हवं. करार सक्तीचे करा म्हणणाऱ्या वकिलांनी आणि संपादकांनी आधी या विधेयकाचं काय झालं ते विचारावं. निम्मा वाटा कायद्याने पदरात पडल्यानंतर कुणाला त्यातून बाहेर पडायचा करार करायचा असेल, तर त्यावर बोलायला मी तयार आहे. आज नाही.