छायाचित्र पाहताना कॅमेराही पाहा

१/ गेल्या आठवड्यात यवतमाळात प्रथमच फिल्मचा नवा रेंजफाइंडर कॅमेरा हाताळला. दर्शकाच्या मध्यभागी एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात; कडे फिरवून त्या एकरूप केल्या की फोकस जुळतो.

२/ पहिले छायाचित्र भिंगावरचे झाकण न काढताच टिपले! इथे डोळा भिंगातून पाहतच नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो.

३/ १९३२च्या लायका २ मध्ये ही रचना भिंगाशी जोडली गेली. डोळ्याच्या उंचीवरून, ३६ चित्रांच्या रिळावर झटपट टिपणे शक्य झाले.

४/ आपल्या शेजारच्या सेवाग्रामात कनू गांधींकडे मात्र रोलायफ्लेक्स होता. त्यात मान खाली घालून वरून पाहायचे; रिळात चित्रे १२. शिवाय गांधीजींच्या अटी : फ्लॅश नको, पोझ मागायची नाही, आश्रम खर्च देणार नाही. त्या चित्रांतील सहजतेमागे या अटीही आहेत.

५/ कागदपत्राची शाई आणि मोडीचे वळण आपण तपासतो. छायाचित्र मात्र निःशंकपणे प्रबंधात चिकटवतो. माझ्या मते ही बेफिकिरी आहे. छायाचित्र पुरावा म्हणून मांडण्यापूर्वी ते कोणत्या कॅमेऱ्याने आणि कोणत्या अटींवर टिपले, हे विचारलेच पाहिजे.