चित्रीकरणातील बंदूक

२०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात ‘रस्ट’ या चित्रपटाची तालीम चालू असता नट अ‍ॅलेक बाल्डविन यांच्या हातातील रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटून छायाचित्रकार हलिना हचिन्स प्राणास मुकल्या. पुढे जी फौजदारी उभी राहिली तिच्यात शस्त्रांची देखरेख करणाऱ्या तरुणीला १८ महिन्यांची कैद झाली. नटावरील खटला मात्र सरकार पक्षाने पुरावा दडवला या कारणावरून २०२४ च्या जुलैत रद्द झाला. म्हणजे ज्याच्या हाती शस्त्र होते त्याचे उत्तरदायित्व किती, या मूळ प्रश्नाचा इन्साफ झालाच नाही.

हा प्रश्न खान्देशाला परका नाही. महसुली नकाशावर नाशिक जिल्ह्यात असले तरी रोजच्या दळणवळणाने धुळ्याशी जोडलेल्या मालेगावात हौशी मंडळींनी तुटपुंज्या भांडवलावर ‘मालेगाव के शोले’ काढला, आणि आज जळगाव-धुळ्याकडे अहिराणी गाणी व विनोदी चित्रफिती करणारे तरुण त्याच उमेदीने उभे आहेत. या उमेदीचे आम्हांला कौतुकच आहे. परंतु जेथे दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि चहा आणणारा ही तिन्ही पदे बहुधा एकाच इसमाकडे असतात, तेथे शस्त्रांचा स्वतंत्र कारभारी कोठून येणार? आणि शस्त्र तर हाकेच्या अंतरावर आहे. चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीचे गावठी कट्टे पोलिसांच्या हाती वारंवार लागतात. ‘खरे दिसले पाहिजे’ या हट्टापायी असा कट्टा, किंवा ओळखीतल्या परवानाधारकाची बंदूक, चित्रीकरणाला आणण्याचा मोह कोणाला होणारच नाही, असे मानणे भाबडेपणाचे होईल. परवाना माणसाच्या नावे असतो, त्याच्या मित्रमंडळाच्या नावे नव्हे. आणि कट्ट्याच्या नळीची तर कोणी परीक्षाच घेतलेली नसते, ती धरणाऱ्याच्या हातातच फुटू शकते.

‘गोळी नाही, नुसता बार आहे’ हे समाधानही फसवे होय. १९८४ साली जॉन-एरिक हेक्सम या नटाने चित्रीकरणाच्या खोळंब्यात गमतीने कानशिलाला लावलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये नुसत्या दारूचेच काडतूस होते. त्याच्या दाबाने कवटी फुटून तो गेला. १९९३ साली ब्रँडन ली या नटाच्या प्रसंगी आधीच्या दृश्यातील दिखाऊ काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली, नळी कोणी तपासली नाही, आणि पुढच्या दृश्यातील नुसत्या दारूच्या बाराने तीच गोळी त्याच्या पोटात घातली. परवान्यानेही शस्त्र निर्धोक होत नाही: २०२४ च्या नोव्हेंबरात पाचोऱ्यात प्रचाराला आलेल्या अभिनेते गोविंदा यांच्या पायात सुमारे दीड महिना आधी जी गोळी शिरली, ती त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची होती.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने बेदरकारपणे वा हयगयीने बंदूक चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही मुक्रर केले आहेत. पण ही तजवीज बार उडाल्यानंतरची. आम्हांला हवी ती आधीची. चित्रीकरणाच्या परवानगीचा अर्ज घेताना कोणत्या दृश्यात शस्त्र दिसणार, ते कशाचे आहे, आणि त्याबद्दल जाब देणारा इसम कोण, हे पोलिसांनी नावानिशी लिहून घ्यावे. खऱ्या शस्त्राला व जिवंत काडतुसाला तेथे सरसकट मनाई असावी. नटानेही, त्याला भीड पडली तरी, नकली म्हणून पुढे केलेले शस्त्र डोळ्यांदेखत उघडून दाखवल्यावाचून हाती घेऊ नये. लाकडी पिस्तूल कोणताही सुतार करून देईल, धूर, ठिणगी आणि आवाज नंतर संकलनात भरता येतात. आमच्या नाटकमंडळ्यांनी पत्र्याच्या तलवारींवर केवढाल्या लढाया जिंकल्या, आणि प्रेक्षकांनी कधी तक्रार केली नाही! मात्र लाकडी पिस्तूलही भरबाजारात कोणावर रोखले तर पाहणाऱ्याला ते खरेच वाटणार. म्हणून ठाण्याला आगाऊ वर्दी द्यावी आणि आठवडेबाजाराचा दिवस टाळावा.