रंगपेटी कोणाच्या हाती?

शहरांमध्ये मुलांच्या चित्रकला वर्गांचे पेव फुटले आहे. एका आठवड्यात व्हॅन गॉगची सूर्यफुले, दुसऱ्यात पिकासोचा चेहरा, तिसऱ्यात आफ्रिकेचा मुखवटा आणि चौथ्यात वारली. मुलांना जगातले कलावंत कळावेत, याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न दोनच आहेत. या वर्गात कोणाची मुले बसतात? आणि चित्रासोबत ते घडवणाऱ्या माणसांचा इतिहास मुलांना सांगितला जातो काय?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. आफ्रिका म्हणजे एक मुखवटा नव्हे, पन्नासहून अधिक देशांचे ते खंड आहे. पिकासोच्या १९०७च्या सुमाराच्या चित्रांवर आफ्रिकी मुखवट्यांची छाप आहे. पिकासोचे नाव मुलांना पाठ होते. मुखवटे कोरणाऱ्या कारागिरांची नावे मात्र ते गोळा करणाऱ्यांनी बहुतेक वेळा नोंदवलीच नाहीत. १८९७ साली ब्रिटिश फौजेने आजच्या नायजेरियातील बेनिन शहर लुटले. तिथली पितळी शिल्पे युरोपच्या संग्रहालयांत गेली. त्यांतली काही जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाला परत केली. हा इतिहास वगळून 'जागतिक संस्कृती' शिकवणे म्हणजे मुलांना लुटीचा माल दाखवायचा आणि लूट लपवायची!

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? लग्नाचा चौक लिहिणाऱ्या वारली स्त्रियांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. डहाणू भागातील जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज ती नक्षी शहरी मुलांच्या वहीत आहे, दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. पण ज्या आदिवासींची ही कला, त्यांच्या जमिनीचे आणि जंगलाचे काय झाले, हे त्या वर्गात कोण सांगतो?

आता पहिला प्रश्न. गरिबाच्या मुलाला आधी भाकरी हवी, रंग कशाला, असे म्हणणारे शहाणे आपल्यातही आहेत. त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेमकडे पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच ही कृष्णवर्णीयांची वस्ती. १९३० साली जेकब लॉरेन्स हा तेरा वर्षांचा मुलगा आईकडे तिथे राहायला आला. आई घरकाम करून पोट भरणारी. आपण कामावर असताना पोरगा रस्त्यावर भटकू नये म्हणून तिने त्याला शाळेनंतरच्या एका कलावर्गात घातले. तिथे चार्ल्स आल्स्टन हे तरुण चित्रकार शिकवत. मुलाने घरातल्या सतरंज्यांवरची नक्षी काढली, मुखवटे केले, खोक्यांच्या आत हार्लेमचे रस्ते रंगवले. त्याला कोणी दुसऱ्याचे सूर्यफूल गिरवायला लावले नाही.

त्याच वस्तीत ऑगस्टा सॅव्हेज ही शिल्पकार मुलांना शिकवत होती. १९२३ मध्ये केवळ काळी म्हणून फ्रान्समधील एका कलाशाळेचा प्रवेश तिला नाकारला गेला होता. १९३७ मध्ये सरकारी निधीतून हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उभे राहिले, तेव्हा ती त्याची पहिली संचालक झाली. तिथले शिक्षण मोफत होते. लॉरेन्सला सरकारी कला योजनेत काम मिळावे म्हणून तीच त्याला कार्यालयात घेऊन गेली. वय कमी म्हणून त्याला परत पाठवले, तर पुढच्या वर्षी पुन्हा घेऊन गेली! १९४१ साली, तेविसाव्या वर्षी, लॉरेन्सने दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतराची साठ चित्रे पूर्ण केली. आज त्यांतली तीस वॉशिंग्टनच्या आणि तीस न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहेत. हे केवळ कोण्या दानशूराच्या दयेने घडले नाही. वस्तीत वर्ग होता, तो फुकट होता, आणि सरकार त्याचा खर्च उचलत होते, म्हणून घडले.

आपल्याकडे यासाठी कायदा नाही असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे कलम ३१ मुलाला कला आणि सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क देते. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी कला शिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. पण मेख तिथेच आहे: त्या वर्गांची पटसंख्या शंभराहून अधिक हवी! खेड्यातल्या, पाड्यावरच्या शाळेचा पट शंभर कोठून होणार? म्हणजे ज्याला बाहेर शिकवणी परवडत नाही, त्यालाच कायदाही वगळतो. वर शासकीय रेखाकला परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्या शाळेत चित्रकला शिक्षकच नाही, तिथल्या मुलाने ते गुण कोठून आणायचे? हा समान संधीच्या तत्त्वाचा उघड भंग आहे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. शंभर पटाची अट रद्द करा. छोट्या शाळांसाठी तीन-चार शाळांमागे एक कायम चित्रकला शिक्षक नेमा. कागद आणि रंग पाठ्यपुस्तकांसारखे मोफत द्या. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्यानेच बहुमत दिले आहे. तिथे बसलेल्या आपल्या माणसांनी हा ठराव मांडावा आणि लेखी उत्तर मागावे.

तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. वस्तीतली समाजमंदिरे आणि वाचनालये संध्याकाळी मोकळी असतात. कला महाविद्यालयात शिकलेले आपले तरुण आहेत. आठवड्यातले दोन तास त्यांनी द्यावेत. मुलांना व्हॅन गॉग दाखवा, लॉरेन्स दाखवा, अजिंठाही दाखवा. मग कोरा कागद द्या आणि सांगा, आता तुझी गल्ली काढ, तुझ्या आईचे काम काढ. आजवर आपली चित्रे दुसऱ्यांनी काढली, त्यांना हवी तशी काढली. आता आपल्या मुलांच्या हाती रंगपेटी आली पाहिजे.