माता-पालक सभेत कॅन्सरचा विषय का घ्यावा?



आपल्या माता-पालक सभांचे विषय ठरलेले असतात. उपस्थिती, गृहपाठ, डबा, गणवेश आणि आता मोबाईल. माझं मत असं आहे की या यादीत एक विषय वाढवायला हवा : बायकांना होणारा कॅन्सर कशामुळे होतो आणि तो टाळता कसा येतो.

प्राथमिक शाळेत हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. उत्तर सरळ आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस ९ ते १४ या वयात देणं सर्वांत चांगलं मानतात. नऊ वर्षांची मुलगी म्हणजे आपली चौथीतली मुलगी. तिची आई साधारण तिशी-पस्तिशीची, म्हणजे तपासणी सुरू करण्याच्या वयाची. या दोघी एकत्र भेटतात अशी जागा दवाखाना नाही, शाळा आहे.

आकडे काय सांगतात?

२०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने त्या वर्षी सुमारे ८० हजार बायका गेल्या. आता दुसरा आकडा बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी दोघींनीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी केलेली नव्हती. स्तनाच्या तपासणीचं प्रमाण तर एक टक्क्याहूनही कमी.

म्हणजे रोग मोठा आहे, उपाय माहीत आहेत आणि मधला रस्ता मात्र रिकामा आहे. आई सगळ्यांचं झाल्यावर जेवते, तसं स्वतःचं दुखणंही सगळ्यांचं झाल्यावर बघते. "अंगावरून जातंय, पण दिवाळी होऊन जाऊ दे" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

खारघरकरांनी तरी हे जाणून घ्यावं

आपल्या खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. बरेच जण तिला नुसतं 'टाटा हॉस्पिटल' म्हणतात. पण तिथे उपचारांबरोबर कॅन्सरचं मूळ शोधण्याचं कामही चालतं. या कामाची मुळं परळला १९५२ मध्ये सुरू झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहेत आणि त्या केंद्रातलं एक मोठं नाव मराठी बाईचं आहे.

डॉ. कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. हुजूरपागेची विद्यार्थिनी. त्यांनी एम.एस्सी.ला सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला, पुढे मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेच्या नळीत वाढवण्याचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध भारतात सुरुवातीला मांडणाऱ्यांपैकी त्या एक. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. विज्ञान दिनाला आपण मोजकीच चार नावं घेतो, त्यात हे नाव जरूर घ्यावं.

आनुवंशिक म्हणजे नेमकं काय?

याबद्दल घरोघरी दोन टोकाचे समज आहेत. एक, "आमच्यात कुणालाच नाही, मग मला कसा होईल?" दुसरा, "आईला झाला, आता मुलीला होणारच." दोन्ही चूक.

साधं उदाहरण घेऊ. आपल्या पेशींतल्या डीएनएला रोज कुठे ना कुठे चीर पडते. ती रफू करणारी काही जनुकं असतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यातलीच दोन. ती १९९४ आणि १९९५ मध्ये ओळखली गेली. जन्मतःच यातल्या एका जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल, तर रफूचं काम पुढे कधीतरी कोलमडण्याची शक्यता वाढते आणि स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. पण स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत असा वारसा साधारण पाच ते दहा जणींचाच असतो. बाकीच्यांमध्ये वाढतं वय, हार्मोन्स, वजन, दारू अशी अनेक कारणं मिसळलेली असतात.

आणखी एक गोष्ट बाबांनी वाचावी. हे बिघडलेलं जनुक वडिलांकडूनही येतं. ते ज्यांच्यात असेल, त्यांच्या प्रत्येक अपत्यात, मुलगा असो की मुलगी, ते उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे "तिच्या माहेरचा दोष" ही भाषा बंद झाली पाहिजे. घरात कमी वयात दोघी-तिघींना हा आजार झाला असेल, तर तो लपवायचा कलंक नाही. डॉक्टरांना सांगायची ती महत्त्वाची माहिती आहे.

दहावी शिकलेल्या ताईंनी केलेलं काम

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं मूळ मात्र बहुतेक वेळा एकच : एचपीव्ही हा विषाणू. हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो आणि बहुतेक वेळा शरीर त्याला आपणच घालवतं. ज्यांच्यात तो वर्षानुवर्षं टिकतो, त्यांना धोका. म्हणून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवण्याचं कारणच नाही.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन एक अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या किमान दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायका होत्या. व्हिनेगरसारखं सौम्य द्रावण लावलं की बिघडू लागलेला भाग पांढरा दिसतो, एवढीच ती चाचणी. बारा वर्षांनी दिसलं की तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. त्याच ताई हाताने स्तनांचीही तपासणी करत. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू त्यामुळे जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांत १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. तिथे आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू निम्म्यावर आणले. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. तुलनेसाठी ज्या बायकांना तपासणीविना ठेवलं, त्यांतल्या काही गेल्या. त्यावर टीकाही झाली. हे ज्ञान आपल्याकडे फुकट आलेलं नाही. मुंबईच्या वस्त्यांतल्या आणि मराठवाड्यातल्या गरीब बायांनी त्याची किंमत मोजली आहे. आपण ते वापरायचंच नाही, हे मला पटत नाही.

माहिती द्यायची, सही करायची नाही

लसीबाबत मात्र शिक्षकांनी एक मर्यादा पाळावी. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प झाला आणि तो मध्येच थांबवावा लागला. त्या काळात सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही. पण एक गंभीर गोष्ट उघड झाली : अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये यावर कडक ताशेरे ओढले.

यातून आपण धडा घ्यावा. लस सुरक्षित आहे, जगभर कोट्यवधी मुलींनी घेतली आहे, पुण्याच्या सीरम संस्थेची सर्व्हाव्हॅक ही भारतीय लसही २०२३ पासून मिळते. पण निर्णय पालकांचा, सल्ला डॉक्टरांचा. आपलं काम आहे ते नीट समजावून सांगण्याचं. समजून दिलेली संमती हीच खरी संमती.

"आधीच कामं कमी आहेत का?"

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. सर्वेक्षणं, निवडणुका, ऑनलाइन माहिती यांत आपण बुडालेले आहोत. पण मी नवा तक्ता किंवा नवा अहवाल मागत नाही. वर्षातून एका सभेत पंधरा मिनिटं मागते आहे. गुरुजींना संकोच वाटत असेल तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवावं. सांगायचं एवढंच :

१. स्तनात गाठ लागली, त्वचा ओढली गेली, बोंडातून रक्त किंवा पाणी आलं तर दुखत नसलं तरी दाखवा. कॅन्सरची गाठ बऱ्याचदा सुरुवातीला दुखत नाही.

२. पाळी गेल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेलं तर थांबू नका.

३. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करा.

४. मुलगी ९ ते १४ वर्षांची असेल तर लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी लागतेच.

५. घरात कुणाकुणाला, कितव्या वर्षी कॅन्सर झाला, ते दोन्ही बाजूंचं लिहून ठेवा.

मुंबईतल्या दहावी शिकलेल्या ताई चार आठवड्यांत हे काम शिकल्या आणि त्यांनी जीव वाचवले. आपण तर डीएड करून रोज चाळीस मुलांना अवघड गोष्टी सोप्या करून सांगतो. पुढच्या माता-पालक सभेच्या विषयपत्रिकेत ही पंधरा मिनिटं घाला, एवढीच विनंती.