लाईक्स ११२, चूक सांगणारा एक!

जून २०२० मध्ये आपल्या लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं, आठवतंय? मी तेव्हा शाळेत होतो. मोबाईलवर फॉरवर्डचा नुसता पूर! कुणी म्हणे प्रलय, कुणी म्हणे चमत्कार. मीही एक मेसेज पन्नास जणांना ढकलला. आजी दोन दिवस घाबरून होती. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा. पाणी आटून खारटपणा वाढला होता. हा मेसेज मात्र मला कुणी पाठवला नाही, आणि मीही कुणाला पाठवला नाही.

मित्रांनो, कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. पण मुद्दा पक्का आहे.

गेल्या वर्षी मी दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा घासायला घेतला. दोन काचा, मध्ये कार्बोरंडम पावडर आणि पाणी. घासता घासता वरची काच खोलगट होते, खालची फुगीर. शेवटी पॉलिश. चमकत्या काचेचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. ११२ लाईक्स! 'भारी रे', 'आता नासावाले बोलावतील'. मी दोन दिवस हवेत. तिसऱ्या दिवशी सगळे विसरले.

मग आरसा आकाशनिरीक्षकांच्या एका छोट्या मंडळात नेला. तिथल्या काकांनी फूको चाचणी लावली. एक बारीक दिवा आणि ब्लेडचं पातं, बस. १८५८ सालची युक्ती, पण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूकही सावलीत पकडते. काका म्हणाले, "बाबू, घाई केली ना तू. कड उतरली."

खरं सांगू? राग आला. पण तेच काका पुढचे तीन रविवार माझ्याबरोबर बसले.

लाईक द्यायला काही लागत नाही. चूक सांगायला मात्र विषय यावा लागतो, वेळ काढावा लागतो आणि समोरचा रुसेल याची तयारी ठेवावी लागते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून अशाच हौशी माणसांच्या जिवावर उभी आहे.

सोशल मीडिया वाईट आहे असं मी म्हणत नाही. लोणारचा फोटो त्यानेच जगभर नेला, आणि या मंडळाचा पत्ताही मला तिथेच लागला. पण बातमी कळणं वेगळं आणि विषय कळणं वेगळं. तेव्हा रेडिओ असो, पक्षी असोत की जुनी नाणी, आपल्या वेडाची चार माणसं शोधा. ती तुमचं कौतुक कमी करतील, पण तुम्हाला घडवतील.

आरसा पुन्हा घासला. परवा रात्री गच्चीवरून गुरूचे चारही चंद्र स्वच्छ दिसले. आजीलाही दाखवले.

फोटो काढायचा तेवढा राहिलाच!