टोल गाडीचा असतो

टेलिकॉम कंपन्यांचं म्हणणं ऐकायला सरळ वाटतं. टॉवर आम्ही उभारले, केबल आम्ही टाकली. बड्या व्हिडिओ कंपन्या आमच्या जाळ्यावर कमावतात, तर त्यांनी वेगळे पैसे मोजावेत आणि जो मोजेल त्याला आधी वाट मिळावी. हायवेवर टोल असतोच की!

हायवेचंच बघू. वर्धा जिल्ह्यातल्या वडनेरवरून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, जवळच दारोड्याचा टोलनाका आहे. तिथे पैसे गाडीच्या प्रकारावर लागतात. आतला कापूस कोणाचा, हे कोणी विचारत नाही. अमक्या जिनिंगवाल्याने करार केला म्हणून त्याचा ट्रक पुढे काढला, तर गाव रस्त्यावर उतरेल. डेटापॅकचे पैसे भरणाऱ्याने आपला टोल भरलेलाच असतो.

दुसरा युक्तिवाद गरिबाच्या नावाने होतो. डिसेंबर २०१५ मध्ये फेसबुकच्या झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त निवडक सेवा फुकट दाखवणाऱ्या ‘फ्री बेसिक्स’ची वकिली केली, तीही महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा दाखला देऊन : तो हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो. पण फुकटात काय दिसावं, याच्या अटी फेसबुकच्या होत्या. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकूर पाहून वेगळे दर लावायला बंदी केली. शेतकऱ्याचं काय बिघडलं? त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, दरयुद्ध पेटलं आणि अख्खं इंटरनेट स्वस्त झालं. २०१८ मध्ये परवान्यांतच अट आली : कोणाची वाट अडवायची नाही, कोणाला झुकतं माप द्यायचं नाही.

आता ‘आधी वाट’ म्हणजे काय ते समजून घ्या. टॉवर मोकळा असेल तर तिला किंमतच नाही. गर्दी झाली की एकाला पुढे काढायचं म्हणजे दुसऱ्याला मागे ढकलणं आलं. भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) हमीभावाने कापूस द्यायचा, तर २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करून स्लॉट धरावा लागतो. त्या अ‍ॅपचं चक्र फिरतच राहिलं आणि व्यापाऱ्याचं अ‍ॅप धडाक्यात उघडलं, तर घरात कापूस साठवून बसलेला माणूस तो कोणाला घालेल?

रुग्णवाहिकेचं काय, असंही विचारतात. तातडीच्या सेवांना नियमांतच सवलत आहे.

दक्षिण कोरियात जाळ्याचं शुल्क परवडेना म्हणून थेट व्हिडिओ दाखवणाऱ्या ट्विचने फेब्रुवारी २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. ती तर अ‍ॅमेझॉनची कंपनी. आपल्या बाजार समितीची काय कथा? खेड्यात टॉवर कमी पडत असतील तर सरकारचा डिजिटल भारत निधी त्यासाठीच आहे. तो खर्च करा, किंवा डेटाचे दर वाढवून मागा आणि ग्राहकाला उघड सांगा.